भावाने बुडवलेली पारू

सातपाटी
रविवार, २७ नोव्हेंबर १९६६

चि. एकनाथ,

मी बुडून मेले, ही बातमी मला आठ दिवसांमागे, शनिवारी पालघरला मिळाली. शाळा सकाळची होती, म्हणून दुपारी खडू आणायला बाजारात गेले होते. दुकानदाराने मुलांच्या पुस्तकांचा नवा गठ्ठा सोडला तर वरच तुझं नाव. एकनाथ तांडेल. किती ठळक छापलंय रे! मी त्याला म्हटलं, हा माझा धाकटा भाऊ. त्याने पुस्तकाकडे पाहिलं, मग माझ्या पायाकडे पाहिलं आणि पुस्तक कागदात बांधून दिलं. त्याने ते आधी वाचलं असणार, हे मला नंतर कळलं.

एस्टीची वाट बघत स्टँडवरच मी ते वाचून काढलं.

पाच वर्षांत तुझं पत्र नाही, माझंही नाही. पण मास्तरणीला चुका दिसल्या की हात शिवशिवतो. तांबडी शाई घेऊन बसले आहे.

पान अकरा. पाय अधू असलेली तुझी पारू सुरूच्या झाडाखाली बसून इतर मुलींची लंगडी बघते आणि पदराने डोळे पुसते. नऊ वर्षांच्या मुलीला पदर कुठून आणलास, ते जाऊ दे. पण मी लंगडीत झाडाखाली बसायचे? अरे, तो एकच खेळ असा होता की सगळ्या आळीला माझ्यासारखं एका पायावर यावं लागायचं, आणि मला त्याची रोजची सवय! तुम्ही दहा उड्यांत धापा टाकायचात. तुला मी किती वेळा बाद केलं आणि तू किती वेळा भोकाड पसरून आईकडे गेलास, ते पुस्तकात कुठे सापडलं नाही.

पान तेवीस. पोरं भर भरतीत खडकांवर खेकडे धरायला जातात. खेकडे ओहोटीला धरतात रे, होडी चालवणाऱ्या तांडेलाचा मुलगा ना तू? बाबा असते तर त्यांनी तुला होडीत घेतला नसता.

पान एकतीस. ‘क्रूर दैवाने तिचा पाय हिरावून घेतला.’ आपल्या घरात दैवाचं नाव कुणी काढलं नव्हतं. ‘पायावरून वारं गेलं’ म्हणायचे. बाबांच्या शिडात भरतं तेच हे वारं, असं मला वाटायचं आणि मी त्याच्यावर रुसून बसायचे. तू तेव्हा पाच वर्षांचा. ते वारं धरून आणतो म्हणून टोपली घेऊन बंदरावर गेला होतास. हे सोडून तू क्रूर दैव लिहिलंस.

आणि शेवट. भावाची पाटी लाटेने ओढून नेली, ती आणायला पारू पाण्यात जाते आणि बुडते. भाऊ काठावर उभा राहून ‘ताई, ताई’ अशा हाका मारतो. सागर शांत होतो. समाप्त. एकनाथ, तुला पोहायला कुणी शिकवलं? खाडीत तुझ्या पोटाखाली हात धरून कोण उभं होतं? जमिनीवर मी कशीही चालत असेन, पाण्यात पाय कोण बघतो? जिने तुला तरंगायला शिकवलं तिलाच तू बुडवलंस, आणि वर मुखपृष्ठाला रंगीत चित्र!

तुझ्या लग्नाला मला तापामुळे येता आलं नाही. त्याचा राग असेल तर सरळ पत्र लिहून काढायचा होतास.

एवढंच कळव की तिला का मारलंस. सौ. उषाला आशीर्वाद.

तुझी जिवंत बहीण,
सुगंधा


सातपाटी
रविवार, ११ डिसेंबर १९६६

चि. एकनाथ,

पोस्टकार्ड मिळालं. ‘ताई, ती पारू म्हणजे तू नव्हेस, ती कल्पना आहे. पुस्तक वाचून मुलांच्या डोळ्यांत पाणी येतं, लेखकाला आणखी काय हवं?’ अक्षर अजून तसंच आहे, ‘ख’मधले ‘र’ आणि ‘व’ सुटे काढतोस.

मुलांच्या डोळ्यांत पाणी येतं हे खरं आहे. मी समोर उभी राहून पाहिलं. ते मागच्या पत्रात लिहिलं नाही, आज लिहिते.

स्टँडवर सगळं वाचून काढलं असं लिहिलं होतं, ते खरं नव्हतं; तिथे मी फक्त तुझं नाव आणि पहिली चार पानं वाचली होती. पुढचं मुद्दाम ठेवलं. सोमवारी शेवटच्या तासाला चौथीच्या वर्गात पुस्तक नेलं. माझ्या भावाने लिहिलंय, म्हणून फुशारकी मारली. पाच वर्षं तुझ्याशी अबोला धरला आणि तुझं नाव छापलेलं दिसताच विरघळले, असा माझा स्वभाव. पुस्तक आधी आपण वाचावं, मग मुलांना वाचून दाखवावं, हे मी नव्या शिक्षकांना दर वर्षी सांगते.

माझ्या वर्गात सोमी नावाची मुलगी आहे. नऊ वर्षांची. तिच्याही डाव्या पायावरून वारं गेलेलं. पाढ्यांत पक्की, भांडणात त्याहून पक्की. ‘पारू लंगडत लंगडत आली’ असं मी वाचलं तशी सगळी पोरं वळून सोमीकडे बघायला लागली. सोमीला आधी मजा वाटली. आपल्यासारखी कुणी पुस्तकात आहे म्हणून ती ताठ बसली. मी वाचत गेले. झाडाखाली बसणं आलं, क्रूर दैव आलं. शेवटची दोन पानं उरली तेव्हा पुढे काय आहे ते मला दिसायला लागलं होतं. थांबता आलं असतं. घंटा झाली म्हणता आलं असतं. पण भावाचं पुस्तक अर्ध्यात कसं मिटायचं, आणि पोरांना काय सांगायचं? मी शेवटपर्यंत वाचलं. ‘समाप्त’ हा शब्दसुद्धा वाचला.

पोरं रडली. तुझी पावती तुला मिळाली.

दुसऱ्या दिवशी मंगळ्याने हात वर केला. तो वाईट मुलगा नाही, त्याला सगळं नीट समजून घ्यायचं असतं. त्याने विचारलं, “बाई, सोमी कंदी मरनार?”

वर्गात कुणी हसलं नाही. सगळे माझ्या उत्तराची वाट बघत होते, सोमीसुद्धा. मी मंगळ्याला बाकावर उभं केलं आणि सोळाचा पाढा घेतला. त्या पोराला शिक्षा नको होती रे, उत्तर हवं होतं.

मधल्या सुट्टीत पोरं सोमीला ‘पारू’ म्हणायला लागली. गुरुवारपासून ती आली नाही. आज अठरावा दिवस. बोंबील वाळत घालायच्या वलांड्यांजवळ बसून ती कावळे हाकलते, असं कळलं. एप्रिलात चौथीची परीक्षा. एकदा शाळा सुटलेली मुलगी परत आलेली मी चौदा वर्षांत पाहिली नाही.

तुझं कार्ड वाचल्यावर शाळेतलं पुस्तकांचं कपाट उघडून बसले. तुझं धरून त्रेचाळीस पुस्तकं आहेत. त्यांत आपल्यासारखी माणसं शोधली. आंधळा आहे, तो गातो. कुबडा आहे, तो राजाच्या कानाशी लागतो. एक लंगडा मुलगा आहे, त्याला शेवटच्या पानावर साधू भेटतो आणि तो धावायला लागतो. एक मुकी मुलगी आहे, ती इतकी चांगली आहे की तिच्यासोबत मला एक दिवस काढवणार नाही. पण लंगडणारा आणि वाण्याकडून गूळ आणायला विसरलेला, म्हणून आईचा मार खाल्लेला असा कुणीही नाही. सोमी तर रोज काहीतरी विसरते.

म्हणजे तू एकटाच दोषी नाहीस. पण बाकीच्या बेचाळीस जणांचा पत्ता माझ्याकडे नाही.

सुगंधा


सातपाटी
रविवार, १ जानेवारी १९६७

चि. एकनाथ,

सोमीच्या घरी जाऊन आले. तिचं घर दक्षिणेच्या टोकाला. तिथे जायचं तर रस्त्याने अर्ध्या वाटेपर्यंतच जाता येतं, पुढे वाळू. वाळूत माझं चालणं कसं होतं ते तुला ठाऊक आहे. नोकरी लागल्यापासून मी लोकांसमोर वाळूत पाऊल टाकलेलं नव्हतं. वर्गातसुद्धा पोरं यायच्या आत जाऊन टेबलामागे उभी राहते आणि ती गेल्यावर निघते. चौदा वर्षं. पोरांना माझा पाय माहीत आहे, पण मी त्यांना तो बघू दिलेला नाही.

परवा गेले. बायका मासळी निवडायची थांबून बघत होत्या. दोनदा पडले. दुसऱ्या वेळी साडी गुडघ्यापर्यंत वाळूने भरली. कुणीतरी हात द्यायला आली, तिलाच मी ओरडले, मग तिचाच हात धरून उठले.

सोमीची आई गोजराबाई वलांडीवर बोंबील अडकवत होती. तिने मला बसायला पाट दिला आणि काम चालूच ठेवलं. म्हणाली, “बाई, तुमी मानसाच्या बऱ्या हाव. पन बुडल्या पोरीचं नाव माज्या जित्या पोरीला कशाला दिलाव? हिचा बापूस दर्यात होडीवर हाय. आमची सगली आली हिला पारू म्हनते. मी ऐकत बसू?”

मी म्हटलं, ती खोटी गोष्ट आहे, पुस्तकातली.

“पुस्तकातली खोटी असते तं शालेत कशाला वाचता?”

यावर तू काय बोलला असतास, ते मला कळव.

सोमी कावळे हाकलायची काठी घेऊन जरा लांब उभी होती. मग जवळ आली, माझ्या वाळू लागलेल्या पायाकडे तिने खाली वाकून नीट पाहिलं आणि विचारलं, “बाई, तुमी कशा नाय मेल्या?”

रागाने नव्हे रे. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. छत्तीस वर्षांची लंगडी बाई तिने दुसरी पाहिलेली नाही.

मी तिला सांगितलं की ही गोष्ट माझ्या भावाने लिहिली. तो चौदाव्या वर्षी शिकायला मुंबईला गेला. त्यानंतर माझं काय झालं ते त्याने पाहिलं नाही. त्याला वाटलं, गोष्ट तिथेच संपली.

सोमी म्हणाली, “मंग पुडं काय झाला?”

तेव्हा मी वाळूत बसून सांगितलं. तुला कधी सांगितलं नव्हतं ते सगळं. मासळीची टोपली डोक्यावर घेऊन मला चालता येणार नाही म्हणून आईने मला शाळेत ठेवलं आणि मी सातवीची फायनल पास होऊन मास्तरीण झाले. पहिल्या दिवशी वर्ग हसला, मी एकाच्या कानाखाली वाजवली आणि नंतर घरी येऊन रडले. शिरगावच्या एका विधुराचं स्थळ आलं. तो म्हणाला, पायाचं आम्ही चालवून घेऊ. मी म्हटलं, तुमच्या डोक्याचं मला चालवून घेता येणार नाही. गोजराबाई इतकी हसली की तिच्या हातातले बोंबील खाली पडले.

आता तुझ्या लग्नाचं. ताप नव्हता. बाबांच्या हाती तू निरोप पाठवला होतास की करवली म्हणून कमळी उभी राहील, ताईला इतका वेळ उभं राहवणार नाही. सख्खी बहीण असताना मामाची मुलगी करवली! मी तासन्‌तास वर्गात उभी असते, हे तुला माहीत होतं. मला उभं राहवणार नव्हतं की तुला ते बघवणार नव्हतं? त्या दिवसासाठी मी हिरवं लुगडं घेतलं होतं. ते नेसून घरी बसले आणि बाबांना सांगितलं, ताप आहे म्हणून कळवा. मला फार लागलं होतं, एकनाथ. अजूनही लागतं.

पुस्तकाचं मी विसरेन. पण गोजराबाईने अट घातली आहे. “त्या पोरीला पान्यातून भायेर काडा, मंग माजी सोमी धाडते.” तिला वाटतं, ज्याने आत घातलं त्यालाच बाहेर काढता येईल, आणि ते बरोबर आहे. जूनमध्ये दुसरी आवृत्ती निघणार असं तू लिहिलं होतंस. शेवटची दोन पानं बदल. नवी पानं हाताने लिहून पाठवलीस तरी चालेल. परीक्षेला तीन महिने उरले आहेत.

सुगंधा


सातपाटी
रविवार, २९ जानेवारी १९६७

चि. एकनाथ,

तुझं पत्र मिळालं. प्रकाशक म्हणतात शेवट हाच पुस्तकाचा प्राण आहे, तो काढता येणार नाही. लग्नाबद्दल तू एक ओळ लिहून खोडली आहेस. उजेडात धरून पाहिली, ‘ताई, मी त्या वेळी’ एवढंच वाचता आलं. पुढचं फार गिरवून खोडलंयस.

तुझी वाट बघत बसले असते तर सोमीची परीक्षा बुडाली असती. म्हणून आम्हीच पारूला बाहेर काढली. प्रकाशकांना सांगू नकोस.

मी टेबल भिंतीला लावलं आणि वर्गाच्या मधोमध खुर्ची घेऊन बसले, पाय पुढे करून. पोरांना म्हटलं, ही गोष्ट अर्धवट आहे. लिहिणारा माझा भाऊ आहे, त्याला पुढचं ठाऊक नाही. पारू पाण्यात आहे. आता सांगा.

पाच मिनिटं गलका. एक म्हणतो गलबत येतं, एक म्हणते मोठा मासा पाठीवर घेतो. मंगळ्या म्हणाला, “कशाला मासा? तिला पवता येते ना! बाई, तुमाला येते का?” मी हो म्हटलं. “मंग झाला.” पारू पोहत बाहेर आली. सरळ नाही, पाण्याला ओढ होती म्हणून खडकांच्या बाजूने. हे सगळं पोरांनी सांगितलं. तुझ्यापेक्षा त्यांना पाणी जास्त कळतं. पाटी गेली ती गेलीच. पाटीसाठी कुणी जीव देत नाही, यावर वर्गाचं एकमत झालं.

ते कागदावर उतरवून मी पुन्हा वाळूतून गेले. या वेळी एकदाच पडले. गोजराबाईला वाचता येत नाही, तिने बोंबील उलटेपालटे करत ऐकलं. सगळं झाल्यावर म्हणाली, “ओली कापडं बदललीन का तिनी? थंडीचे दिस हायत.”

नव्हती बदलली. आम्हा कुणालाच सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पोरांनी पारूला कोरडं परकर-पोलकं दिलं, मी परत जाऊन तेवढं वाचून दाखवलं. सोमवारी सोमी शाळेत आली. येताना गणिताची वही विसरली. मी तिला रागावले आणि मग फळ्याकडे तोंड करून उगीच काहीतरी पुसत राहिले, कारण मला रडू येत होतं.

गेला आठवडा आम्ही रोज शेवटच्या तासाला पुढचं लिहितो आहोत. मंगळ्याला मुंबईचा डॉक्टर आणून पारूचा पाय बरा करायचा होता. तो मनाने चांगला आहे, म्हणूनच. सोमी उठून उभी राहिली. “पाय बरा केलास तं ती मी नाय,” म्हणाली, “मंग तुजी तू लिव.” वर्गाने पाय तसाच ठेवला. मी त्यात पडले नाही. आता कुणी पारू म्हणून हाक मारली तर सोमी ओ देते. गोजराबाईनेही ते ऐकलं आणि काम चालूच ठेवलं.

पण एका जागी आम्ही अडलो आहोत आणि तिथून पुढे जाता येत नाही, म्हणून तुला लिहिते. भाऊ अजून काठावर उभा आहे. पाण्याकडे बघून ‘ताई, ताई’ करतो आहे, तू त्याला सोडून गेलास तसाच. पारू खडकांकडून वर आली, कोरडे कपडे घातले आणि आता ती त्याच्या मागे दहा पावलांवर उभी आहे. मंगळ्या म्हणतो, तिने जाऊन त्याच्या पाठीत धपाटा घालावा. सोमी म्हणते, नाही. ती हाक मारणार नाही. त्याने आपणहून मागे वळायचं.

पोरं रोज विचारतात, “बाई, तो वलला का?” मी त्यांना सांगितलंय, लेखकाला विचारून सांगते.

तुझी ताई